सावल्या कापणारे डॉक्टर

सांगलीच्या बाजारातून भर दुपारी लाल काचांचा चष्मा लावून एक माणूस टांग्यातून जायचा. तो दिसला की बायका पोरांचं तोंड फिरवायच्या. "तिकडं बघू नको, डोळे येतील." त्या माणसाचे डोळे आलेले नव्हते. ते आमच्या इस्पितळातले एक्स-रेचे डॉक्टर होते आणि इतके तयार डोळे मी पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत.

त्या काळी अंधाऱ्या खोलीत हिरवट उजेडाच्या पडद्यावर माणसाची छाती पाहायची असे. तो उजेड काजव्याएवढा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना तिथं काही दिसायचं नाही. इतर डॉक्टर आधी बराच वेळ अंधारात बसून राहत. आमच्या डॉक्टरांना असं बसून राहवायचं नाही. लाल काचेतून वावरलं की डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही, म्हणून ते घरूनच चष्मा चढवून निघत. जेवायलासुद्धा तो लावूनच बसत. लाल काचेतून लाल वस्तू पांढरी दिसते. एकदा त्यांनी लसणीची लाल चटणी खोबऱ्याची समजून भाताबरोबर भरपूर खाल्ली. वहिनी म्हणजे त्यांची पत्नी. त्यांनी मला सांगितलं, "घामाघूम झाले, ठसका लागला, पण चष्मा काढला नाही. म्हणाले, आता काढला तर दुपारची छाती वाया जाईल."

मी कराडची. नर्सिंग शिकून सांगलीला नोकरीला लागले तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. एक्स-रे खात्यात कुणी टिकत नाही, असं मला आधीच ऐकवलेलं होतं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर एक फिल्म लावली आणि विचारलं, "बाई, काय दिसतंय?"

मी पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हटलं, "मला काही कळत नाही."

ते एकदम खूश झाले. "तुम्ही राहा. तुमच्या आधीच्या दोघींना पोटात क्षय दिसला होता. ही फिल्म रिकामी आहे. नुसती धुतलेली!"

डॉक्टर जतकडचे. घरची भाषा कानडी, त्यामुळे फार आनंद झाला की तोंडातून "हौदु! हौदु!" निघायचं. हौदु म्हणजे हो. एखाद्या फिल्ममध्ये बरगडीची कड सुरीच्या पात्यासारखी उमटली की अंधाऱ्या खोलीतून हा गजर ऐकू यायचा आणि बाहेर बाकावरचे पेशंट एकमेकांकडे बघायचे. त्यांचं सगळं जग दोनच भागांत वाटलेलं होतं, स्पष्ट आणि धूसर. अक्षर, रांगोळी, माणसाचं बोलणं, सगळ्याला हाच न्याय. एका लग्नात फोटोग्राफरचा कॅमेरा जरासा हलला, तर हे पंगतीतून उठले आणि वरात थांबवून त्याला पुन्हा फोटो काढायला लावला. नवरा कोण, नवरी कोण, त्यांना ठाऊक नव्हतं. ते लग्न शेजारच्या मांडवातलं होतं.

फिल्म चांगली येण्यासाठी त्यांनी सगळ्या गल्लीला कामाला लावलं होतं. इस्पितळामागे पिठाची गिरणी होती. ती चालू असली की वीज मंदावायची आणि आमच्या फिल्म फिकट यायच्या. डॉक्टरांनी गिरणीवाल्याशी करार केला. आम्ही खिडकीतून घंटा वाजवली की त्यानं गिरणी थांबवायची. दळण घेऊन बसलेल्या बायकांना त्याची सवय होऊन गेली. घंटा झाली की एखादी म्हणायची, "थांबा गं, कुनाची तरी छाती निगतीया."

कृष्णेला गढूळ पाणी आलं की धुतलेल्या फिल्मवर बारीक ठिपके पडत. एका व्यापाऱ्याच्या फुफ्फुसात असे ठिपके पाहून एका मोठ्या डॉक्टरांनी त्याला सक्त विश्रांती सांगितली होती. आमच्या डॉक्टरांनी फिल्मवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही नदीची रेती आहे." तेव्हापासून धुण्याचं पाणी वहिनींच्या जुन्या लुगड्यातून गाळून यायला लागलं. लुगडं नेहमीच जुनं असायचं असं नाही, ही वहिनींची तक्रार होती.

पण हे सगळं करूनही एका गोष्टीपुढे त्यांचा इलाज चालत नसे. माणसाला जाडी असते. पुढची बरगडी, मागची बरगडी, गळ्याचं हाड, काळीज, सगळ्यांच्या सावल्या एकाच फिल्मवर एकीवर एक पडतात. "दहा माणसांनी एकाच पाटीवर लिहिलंय आणि मला त्यातल्या एकाचं पत्र वाचायचंय," असं ते वैतागून म्हणत. ज्याची खात्री नाही ते मात्र ते कधी लिहून देत नसत. यावरून त्यांचे आणि आमच्या मोठ्या सर्जनचे खटके उडत.

सोनाबाईवरून असाच खटका उडाला.

सोनाबाई माणदेशातल्या मेंढपाळाची लेक, कराडकडच्या ऊस-गुऱ्हाळाच्या घरात दिलेली. वीस-बावीस वर्षांची असेल. खोकला महिनोन् महिने जाईना म्हणून तिचा नवरा तिला घेऊन आला. तो पलटणीत हवालदार होता आणि रजेवर आला होता. फिल्ममध्ये डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या अंगाला एक गोल कडं दिसत होतं. सर्जननी पाहताक्षणी सांगितलं, "कॅव्हिटी. फुफ्फुसाला भोक पडलंय. वरच्या बरगड्या काढून तो भाग दाबून टाकायचा." क्षयावर तेव्हा धड औषध नव्हतं आणि असं ऑपरेशन हाच मोठा उपाय मानत. त्यानं माणसं वाचायची. पण खांदा उतरायचा, पाठ वाकडी व्हायची आणि माणूस जन्माचा एका कुशीवर कलायचा.

हवालदार एक पाऊल पुढं आला. "आवं साहेब, बरगड्या काडल्यावर तिनं डोकीवर पाटी कशी घ्यायची?"

"जगायचंय की पाटी घ्यायचीय?" सर्जन म्हणाले. माणूस वाईट नव्हता. रोज मरणं पाहून तुटक बोलायची सवय लागली होती त्यांना.

आमच्या डॉक्टरांनी ती फिल्म आडवी, उभी, उलटी करून पाहिली. सोनाबाईची थुंकी पुन्हा पुन्हा तपासली होती आणि तिच्यात क्षयाचे जंतू सापडत नव्हते. ते म्हणाले, "हे कडं फुफ्फुसातच आहे असं मी लिहिणार नाही. सावलीवर सावली पडूनही गोल होतो."

"मग नाही असं लिहा."

"तेही लिहिणार नाही. मला दिसत नाही."

"तुम्हाला दिसेपर्यंत ती थांबायची नाही," सर्जन म्हणाले. "पुढच्या गुरुवारी ऑपरेशन."

त्याच आठवड्यात लढाईच्या टंचाईमुळे आमच्या फिल्म संपत आल्या. डॉक्टर थोड्या उसन्या आणायला साताऱ्याला गेले. मी सुटी संपवून परत निघाले होते. कराडला गाडीत चढले तर खिडकीशी डॉक्टर, मांडीवर फिल्मचा डबा तान्ह्या पोरासारखा धरलेला. टाकारी सोडल्यावर ते एकाएकी ओरडले, "बाई, ते झाड बघा!"

लांब शेताच्या बांधावर आंब्याचं एकटं झाड होतं.

"बघितलं."

"डोळा त्याच्यावरनं काढू नका. आता मध्ये काय दिसतंय?"

मध्ये तारेचे खांब होते. पण मी झाडाकडे टक लावली होती, त्यामुळे खांब नुसते सर्रकन ओघळून जात होते. झाड मात्र पान न् पान जागेवर.

"खांब पुसले जातायत," मी म्हटलं.

"हौदु! हौदु!" डॉक्टर बाकावर उभेच राहिले. डब्यातली मंडळी सरकून बसली. "विलायतेच्या एका मासिकात अर्ध्या पानाचा मजकूर वाचला होता मी. मला पटला नव्हता. आयुष्यभर लोकांना हलू नका, हलू नका म्हणून ओरडलो. अहो, हलायलाच पाहिजे! पेशंट नाही हलायचा. एक्स-रेचा दिवा हलायला पाहिजे, फिल्म हलायला पाहिजे. दिवा पायाकडे, फिल्म डोक्याकडे, एकाच वेळी. ज्या पातळीवर बिजागरी ठेवाल तेवढी पातळी स्पष्ट, बाकी सगळं खांबासारखं पुसून जाईल. सोनाबाईची छाती पावासारखी कापून बघू आपण, सुरी न लावता!"

शेजारच्या म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "पोरी, ह्येंला दवाखान्यात न्हेतीयास व्हय?"

"होय," मी म्हटलं. खोटं तरी काय होतं त्यात?

सांगलीपर्यंत जायचा धीर त्यांना नव्हता. माधवनगर आलं तसे ते उतरले आणि मलाही उतरवलं. तिथल्या कापडाच्या मिलमध्ये त्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री होते. चाळिशीचे, अंगानं काटक, बोलताना मधूनच खोकणारे. मिलमध्ये सगळेच खोकत, सरकीचा नि सुताचा धुरळा नाकातोंडात जायचा, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नसे. डॉक्टरांनी फरशीवर खडूनं चित्र काढून सगळं समजावलं. मिस्त्रींनी कमरेवर हात ठेवून ते पाहिलं.

"म्हंजी तराजूची दांडीच की. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला फिल्म, मदी खिळा."

"तेवढंच."

"कवा पायजे?"

"गुरुवारच्या आत."

"लय घाई करताय राव," मिस्त्री म्हणाले, पण हातात पट्टी घेऊन त्यांनी मापं विचारायला सुरुवात केली होती.

ते दिवस मी विसरणार नाही. एक्स-रेची खोली लोहाराचं दुकान झाली. मिस्त्री मिलची पाळी संपवून सायकलवरून येत. मिलमधल्या भंगारातून पोलादी पट्टी आली. पण मधली बिजागरी खडखड करायची. ती जरा डुगडुगली की चित्र बिघडायचं. डॉक्टर घरी गेले आणि झोपाळ्याच्या पितळी कड्या सोडवून घेऊन आले. वर्षानुवर्षं झुलून त्या अशा गुळगुळीत झाल्या होत्या की हलताना आवाज नाही. मागोमाग वहिनी आल्या.

"माझ्या माहेरचा झोपाळा आहे तो."

"आठ दिवस जमिनीवर बसा," डॉक्टर म्हणाले. "एका पोरीच्या बरगड्या वाचतील."

वहिनींनी एक कडी उचलून पदरानं पुसली. मग मिस्त्रींना म्हणाल्या, "चारी कड्या लागतील का दोन पुरतील?"

दांडी ओढायला दोर, कप्पी आणि वाळूची बादली लावली. पहिल्यांदा बादली धाडकन खाली आली आणि दिव्यानं असा हिसका खाल्ला की मिस्त्रींनी दांडी दोन्ही हातांनी धरली. तो दिवा फुटला असता तर लढाई संपेपर्यंत दुसरा मिळाला नसता. मिस्त्रींनी मिलच्या चामडी पट्ट्याचा तुकडा कप्पीवर घासत बसवला, तेव्हा बादली लाजत लाजत उतरायला लागली.

मग परीक्षा. एका खोक्यात डॉक्टरांनी खाली किल्ली, मध्ये अडकित्ता आणि वर चमचा अशा तीन पातळ्यांवर वस्तू अडकवल्या. बिजागरी अडकित्त्याच्या पातळीवर बसवली. मी घंटा वाजवली, गिरणी थांबली, दिवा लागला, बादली उतरली. अंधाऱ्या खोलीतल्या लाल उजेडात आम्ही तिघं मसाल्याच्या टाकीवर वाकलो. आमच्या भाषेत फिल्म उमटवायच्या औषधाला मसाला म्हणत. हळूहळू मधोमध अडकित्ता आला, त्याच्या मुठीवरच्या नक्षीसकट. किल्ली नव्हती. चमचा नव्हता. नुसते दोन पुसट पट्टे.

"पुसली! किल्ली पुसली!" डॉक्टरांनी मिस्त्रींना मिठी मारली. हातातल्या फिल्मचं पाणी मिस्त्रींच्या पाठीवरून ओघळत होतं. "हौदु! हौदु!"

बुधवारी सकाळी सोनाबाईला टेबलावर निजवलं. डोक्यावरची दांडी आणि टांगलेली बादली पाहून ती घाबरली. "ह्ये अंगावर पडंल की वो."

डॉक्टर तिच्या उशाशी उकिडवे बसले. "सोनाबाई, मेंढरं लांब गेली की हाळी कशी देता तुम्ही?"

"हितं?"

"इथंच."

तिनं छाती भरून हाळी दिली. सगळा वॉर्ड दचकला. सर्जनसुद्धा धावत दारात आले.

"ह्या हाळीच्या आधी घेतलात ना, तेवढाच दम घ्यायचा आणि सोडायचा नाही. बादली खाली टेकेपर्यंत."

पहिली फिल्म वाया गेली, कारण अर्ध्यावर तिला खोकला आला. उसन्या फिल्म मोजक्याच. डॉक्टरांनी तिला गरम पाणी पाजलं, मला तिच्या पाठीवरून हात फिरवायला लावला आणि पुन्हा घंटा वाजवायला सांगितलं. बिजागरी थोडी थोडी वर चढवत त्यांनी छातीच्या पाठीकडून पुढे एकेक पातळी घेतली. सर्जन गेले नाहीत. हाताची घडी घालून उभे राहिले.

उजेडाच्या पेटीवर ओल्या फिल्म ओळीनं लागल्या. पहिलीत मागच्या बरगडीची कमान स्पष्ट होती, कड्याचा खालचा अर्धा. त्यापुढच्या फिल्ममध्ये नुसतं फुफ्फुस, झाडाच्या फांद्यांसारखं पसरलेलं, निर्मळ. कडं नाही. त्यापुढचीतही नाही. शेवटच्या फिल्ममध्ये पहिल्या बरगडीच्या पुढच्या टोकाचा जुनाट कठीण झालेला भाग दिसला, कड्याचा वरचा अर्धा. दोन वेगळी हाडं, मध्ये वीतभर अंतर, आणि त्यांच्या सावल्या जुळून झालेला एक गोल.

डॉक्टर या वेळी ओरडले नाहीत. बाजूला झाले आणि सर्जनना जागा करून दिली.

सर्जननी चष्मा पुसला. फिल्म एकेक करून पाहिल्या, मग उलट क्रमानं पाहिल्या. हवालदार दारात सलाम ठोकल्यासारखा ताठ उभा होता.

"उद्याच्या यादीतनं हिचं नाव काढा," सर्जन मला म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "हे यंत्र मोडू नका."

काय झालं ते हवालदाराला नीट कळलं नव्हतं. मी सांगितलं, भोक नाही, बरगड्या काढायच्या नाहीत. तो टोपी तोंडावर दाबून रडला. सोनाबाईच त्याची पाठ थोपटत होती. तिचा खोकला गुऱ्हाळाच्या चुलाणाच्या धुरानं धरलेला निघाला. चुलाणापासून दूर ठेवल्यावर तो गेला.

त्या दिवशी खात्यात सण होता. वहिनींनी जमिनीवर बसून रव्याचे लाडू वळले होते ते सगळ्यांना वाटले. यंत्र बघायला आख्खं इस्पितळ लोटलं. मिस्त्री नवा सदरा घालून आले होते. कुणी विचारलं की दांडीवर हात ठेवून समजावून सांगत. मग डॉक्टरांना म्हणाले, "मी केलेल्या यंत्रात माजाबी फोटू काडा की. घरात लावंन."

डॉक्टर उत्साहात होतेच. एक फिल्म उरली होती. मिस्त्री ऐटीत टेबलावर निजले, गळ्याच्या हाडामागची पातळी धरली, बादली उतरली. मिस्त्री बाहेर बाकावर लाडू खात बसले आणि आम्ही आत गेलो.

हे मिस्त्री पुढे बरे झाले, एवढं आधी सांगून टाकते. फुफ्फुसाभोवती हवा भरण्याचा उपचार वर्ष-दोन वर्षं चालला, मिलमधलं धुरळ्याचं काम सुटलं, आणि मी नोकरी सोडली तेव्हा ते आमच्याच इस्पितळाची सगळी यंत्रं सांभाळत होते. पण त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

फिल्म उमटली. गळ्याचं हाड पुसलं गेलं होतं आणि त्याच्यामागे, साध्या फोटोत कधी दिसलं नसतं अशा जागी, सुपारीएवढं भोक होतं. कड सलग, आत काळं. इतकी स्वच्छ कॅव्हिटी आम्ही दोघांनीही कधी पाहिली नव्हती.

"हौदु!" डॉक्टर मोठ्यानं ओरडले. "बाई, कड बघा! काय कड आलीय! हौ…"

आणि थांबले. लाल उजेडात त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. फिल्म धरलेला हात मात्र खाली आला. ही छाती कुणाची आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं.

बाहेरून मिस्त्रींचा आवाज आला. "लय झ्याक आला जणू फोटू! आमास्नीबी दावा की!"

आम्ही दार उघडलं. मिस्त्री लाडवाचा हात झटकत हसत उभे होते. डॉक्टर त्यांच्या शेजारी बाकावर बसले. मग म्हणाले, "मिस्त्री, बसा जरा." आणि काही न लपवता सांगितलं. कुठं आहे, केवढं आहे, काय करावं लागेल.

मिस्त्री ऐकत राहिले. दुसऱ्या हातातला उरलेला लाडू त्यांनी कागदावर ठेवला. मग म्हणाले, "घरात चार लेकरं हायती."

"म्हणून उद्याच दाखल व्हा."

"व्हईन." मग त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "पर तुमी आत वरडला ते कशापायी?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "चूक झाली, मिस्त्री. चित्र फार चांगलं आलं होतं. मला तेवढंच दिसलं."

मिस्त्री हसले. रडवेलं, पण हसले. "न्हाई, तसं न्हवं. चोर सापडल्यावर मानूस वरडतोयच की. न सापडता तर?" ते उठले, सदरा झटकला. "चला. दावा मला."

डॉक्टरांनी त्यांना दंडाला धरून आत नेलं. ओली फिल्म पेटीवर लावली, दिवा लावला. दोन डोकी जवळ जवळ आली. मिस्त्रींनी बोट वर नेलं आणि काचेला न लावता त्या भोकाभोवती सावकाश फिरवलं, एखाद्या कप्पीचं माप घ्यावं तसं.

"यवडंच?" त्यांनी विचारलं.

"आज एवढंच," डॉक्टर म्हणाले.